कापडावर पत्र्याचे ओरखडे

विमान जवळजवळ पूर्ण झालं होतं. पंखांच्या मुळाशी, इंजिनाच्या झाकणांच्या कडांना आणि तिथून मागे पार शेपटीपर्यंत मी बारीक ब्रशने चंदेरी टवके रंगवले होते. रंग उडून खालचा पत्रा उघडा पडावा तसे. दोन रात्री त्यात गेल्या होत्या. मामा आले, चष्मा कपाळावर सारून त्यांनी मॉडेल डोळ्यांजवळ धरलं आणि कॉकपिटच्या मागे नखाने दाखवत विचारलं, "अगं, इथे पत्रा कुठून आला? हे कापड आहे ना?"

मामा वायुदलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारे. काळ जेट विमानांचा, पण सुरुवातीला कापडी ग्लायडरवर त्यांचा हात बसलेला. आणि हॉकर हरिकेनचा मागचा अर्धा भाग कापडाचा असतो हे मला काय ठाऊक नव्हतं? मॉडेलच्या सुट्या भागांच्या किटला हात लावण्याआधी कित्येक दिवस मी याच विमानाबद्दल वाचत होते. तरी ब्रश हातात आल्यावर मी पुढून मागपर्यंत सरसकट पत्राच रंगवला. ती चूक कशी झाली आणि तिचं पुढे काय झालं, ते पहिल्यापासून सांगते.

दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान करायचं म्हटलं की बहुतेकांची पहिली पसंती स्पिटफायर असते. दिसायला देखणं आहे, प्रश्नच नाही. मला मात्र हरिकेनच करायचं होतं, आणि तेही १९४४ च्या इंफाळचं. भारतीय वायुदलाची पहिली स्क्वाड्रन त्या वर्षी फेब्रुवारीत हरिकेन घेऊन इंफाळला उतरली. स्क्वाड्रनचे प्रमुख होते अर्जन सिंग, वय जेमतेम पंचवीस. मार्चअखेरीस जपानी सैन्याने कोहिमाकडून येणारा रस्ता तोडला आणि तो पुन्हा खुला झाला २२ जूनला. मधला सगळा काळ इंफाळचा मुलूख हवाई वाहतुकीवर जगला. या स्क्वाड्रनचं मुख्य काम टेहळणीचं. डोंगरांच्या अंगालगत, झाडांच्या शेंड्यांवरून उडायचं आणि जंगलातल्या पायवाटा, पूल, शत्रूच्या हालचाली टिपून आणायच्या. त्या वर्षी अर्जन सिंगांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. १९६५ च्या युद्धात ते वायुदलप्रमुख होते, आणि २००२ मध्ये मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले. अशा माणसांनी ज्यात बसून काम केलं ते विमान आपल्या हाताने घडवावं, एवढीच इच्छा होती.

हरिकेन तोवर जुनं झालं होतं. सिडनी कॅम यांच्या आराखड्याचं पहिलं विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी ब्रुकलँड्सवरून उडालं होतं. हॉकर कंपनीच्या दुपंखी विमानांची बांधणी यात पुढे चालू ठेवली होती: धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी चौकटी, चौकटींवर लांबच लांब लाकडी पट्ट्या आणि सगळ्यावर ताणून बसवलेलं लिननचं कापड. इंजिन आणि कॉकपिटच्या भोवती मात्र पत्रा. पंख आधी कापडाचेच होते, युद्धाच्या तोंडावर तेही पत्र्याचे झाले. म्हणजे हे विमान दोन युगांच्या सांध्यावरचं. पुढून आधुनिक, मागून पतंगासारखं.

मी १/४८ मापाचं किट घेतलं, चार वीस-मिलिमीटर तोफांचं मार्क दोन-सी. हरिकेनच्या पंखांचा विस्तार ४० फूट. म्हणजे ४८० इंच, भागिले ४८, बरोबर दहा इंच. हा हिशेब मला फार आवडतो. या मापात मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास पाच सेंटिमीटर, हे सतत डोक्यात ठेवावं लागतं. नाहीतर पत्र्यांच्या जोडांमधल्या फटी एवढ्या रुंद दिसतात की खऱ्या विमानात त्यात बोट जाईल.

काम कॉकपिटपासून सुरू होतं, कारण धडाचे दोन भाग एकदा चिकटले की आत हात जात नाही. हरिकेनच्या कॉकपिटला तळ नसतो, हे मला जुळवणी करतानाच खऱ्या अर्थाने कळलं. वैमानिकाच्या टाचांखाली दोन लांबट पन्हळी असतात, तेवढाच आधार. त्यांच्या आजूबाजूला नळ्या आणि खाली सरळ विमानाचं पोट. नळ्या ॲल्युमिनियमच्या रंगाच्या, बाकी भाग राखाडीकडे झुकणारा फिकट हिरवा. आसनामागच्या सांगाड्यात तारांचे ताण असतात, ते किटमध्ये नव्हते. ते मी स्प्रू ताणून केले. स्प्रू म्हणजे ज्या दांड्यांना किटचे सुटे भाग लटकलेले असतात त्या. तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, फिरवत राहायचं. प्लॅस्टिक आधी चकाकतं, मग मधोमध किंचित वाकतं. त्या क्षणी ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही टोकं सावकाश लांब करायची. घाईने ओढलं तर तुटतं, उशीर झाला तर ते गार होऊन ओढच घेत नाही. बरोबर जमलं तर केसाएवढी तार हातभर लांब निघते. पाच-सहा तुकडे वाया गेले, मग हाताला वेळ समजली.

आता धडाचे दोन भाग जोडायचे. पहिला मोठा घोळ इथेच झाला. प्लॅस्टिकचा पातळ सिमेंट हा खरा तर गोंद नव्हे. तो प्लॅस्टिक विरघळवून दोन्ही कडा एकमेकांत मुरवतो. ब्रश फटीला टेकवला की द्रव आपोआप फटीतून पळत जातो. तो माझ्या अंगठ्याखाली कधी पळाला ते कळलंच नाही. अंगठा उचलला तेव्हा विमानाच्या पाठीवर, अगदी कापडाच्या भागात, त्याचा स्वच्छ ठसा उमटला होता. अशा वेळी पुसायला जाऊ नये, मऊ प्लॅस्टिक आणखी फरफटतं. चोवीस तास तसंच ठेवलं, मग घासलं. ठसा गेला, पण त्याबरोबर पाठीवरच्या लाकडी पट्ट्यांचे उंचवटेही सपाट झाले. कापडाखालून लांबवर धावणाऱ्या त्या रेषा हीच हरिकेनची ओळख. जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा अशी गुळगुळीत झाली, जणू तिथे पत्राच ठोकलाय.

त्या रेषा परत आणायला आठवडा लागला. जिथे उंचवटा हवा तेवढी केसभर पट्टी मोकळी सोडून दोन्ही बाजूंना टेप लावायची आणि त्या फटीत प्रायमरचे, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचे, थर द्यायचे. एक थर, वाळू द्यायचा, दुसरा थर, असे सहा-सात. टेप काढली की बारीक कड उभी राहते. मग अगदी मुलायम पॉलिश पेपर पाण्यात भिजवून तिची धार मारायची. पहिल्या खेपेला रेषा फारच ठसठशीत झाल्या, दोन पट्ट्यांमधलं कापड खाली लोंबल्यासारखं दिसायला लागलं. मामांना फोनवर फोटो पाठवला तर म्हणाले, "लोंबेल कसं? डोप मारलेलं कापड ढोलकीसारखं ताठ असतं. टिचकी मारली तर वाजतं." डोप म्हणजे कापडावर चढवायचं एक प्रकारचं वार्निश. ते वाळताना कापड आकसून घेतं आणि हवापाणीही अडवतं. म्हणजे दोन पट्ट्यांच्या मध्ये झोळी नको, सपाट उतार हवा. मी पुन्हा घासलं. तिरक्या उजेडात धरल्यावरच रेषा दिसाव्यात, समोरून दिसू नयेत, इतपत ठेवलं. बाजारातल्या पुष्कळ किटमध्ये कापड उगीच लोंबतं दाखवलेलं असतं. ते पाहताना आता डोळ्यांना खुपतं.

पंख आणि शेपटीचे भाग बसवणं त्यामानाने सरळ गेलं. नाकाखाली व्होक्स फिल्टरची जाड हनुवटी बसवली. धुळीच्या प्रदेशात इंजिनात माती जाऊ नये म्हणून हे फिल्टर लावत. त्यापायी विमानाचा वेग थोडा कमी व्हायचा, पण इंजिनाचं आयुष्य वाचायचं. कॉकपिटच्या काचेच्या चौकटीला बारीक बारीक पट्ट्या आहेत, प्रत्येक कप्प्याला टेप कापून लावताना डोळ्यांत पाणी आलं. एक सूचना तेवढी करते: काच सुपरग्लूने चिकटवू नका. त्याची वाफ काचेवर बसून पांढरट धुकं धरतं, ते निघत नाही.

रंगाला मी आधी काळा प्रायमर दिला. त्यावर एअरब्रशने, म्हणजे हवेने रंग फवारणाऱ्या पिचकारीने, अगदी कमी दाबाने, फिकट रंगाचे वेडेवाकडे ठिपके आणि रेघोट्या काढल्या. मुख्य रंग पातळ करून वर दिला की खालचे ठिपके झिरपून दिसतात आणि पृष्ठभाग एकसुरी राहत नाही. खालून राखाडी, वरून मातकट तपकिरी आणि गडद हिरवा. दोन रंगांची सीमा वळणदार असते. तिच्यासाठी चिकट पुट्टीच्या बारीक वळ्या करून विमानावर अंथरल्या आणि एअरब्रश सरळ वरून धरला. तिरका धरला तर रंग वळीखाली शिरतो. हिरव्यात मी फिकट राखाडीचे चार-पाच थेंब घातले. एवढ्या लहान मॉडेलवर अस्सल गडद रंग दिला तर तो काळाच दिसतो. शिवाय ही विमानं उघड्यावर उन्हात उभी असायची, त्यांचा हिरवा विटणारच.

खुणा लावताना मी बराच वेळ रेंगाळले. ब्रिटिश विमानांवरचा गोल निळा, पांढरा, लाल असा आपण नेहमी बघतो. भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यातला लाल काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल सूर्य असायचा. घाईत, झाडांच्या फटींतून वर बघणाऱ्या तोफखान्याच्या माणसाला लाल काही दिसलं की तो गोळी झाडणार. म्हणून बाहेर गडद निळा आणि आत फिकट निळा, एवढाच गोल. ते डिकल, म्हणजे भिजवून चिकटवायची छापील खूण, पाण्यातून काढून पंखावर सरकवताना मला त्या काळच्या आकाशाची भीती पहिल्यांदा जाणवली. आपल्याच माणसाच्या हातून मरू नये म्हणून रंग बदलावा लागतो. डिकलच्या आधी चकचकीत वार्निशचा थर हवाच. खडबडीत रंगावर डिकल लावलं तर खाली हवा अडकून ते चंदेरी चमकतं. एका गोलाखाली तसं झालंही. सुईने टोचे मारून डिकल मऊ करणारं द्रावण सोडलं तेव्हा ते खाली बसलं.

मग जुनेपणा आणण्याचं काम. यात मला सगळ्यात जास्त रस. काही जणांना वाटतं, काळपट पाणी ओघळू दिलं, चार टवके रंगवले की विमान लढलेलं दिसतं. मी निदान एवढं केलं की आधी महिना ठरवला. एप्रिलमधलं इंफाळ असेल तर धूळ. जूनमधलं असेल तर चिखल, कारण पाऊस तोवर कोसळायला लागलेला. मी एप्रिलचा शेवट धरला. म्हणून चाकांवर, चाकांच्या खोबणीत आणि पोटाखालच्या रेडिएटरच्या तोंडाशी कोरड्या मातीची पावडर, पंखांच्या खालच्या अंगाला चाकांनी उडवलेल्या धुळीची झाक, चिखल नाही. इंजिनाच्या धुराचा पट्टा मी पूर्वी काळाकुट्ट करायचे. शिसं असलेल्या पेट्रोलची राख फिकट करडी असते, म्हणून या वेळी आधी तपकिरी आणि त्याच्या मध्यावर करडा असा पट्टा ओढला. पंखाच्या मुळाशी, जिथून वैमानिक आणि फिटर चढ-उतार करायचे, तिथे रंग झिजवला. इंजिनाची झाकणं रोज उघडायची, म्हणून त्यांच्या खिळ्यांभोवती टवके काढले.

इथवर प्रत्येक डागाला कारण होतं. आणि मग हाताला चटक लागली. टवके छान जमत होते. ब्रशचं टोक टेकलं की नेमकी चांदीची कणी उमटत होती. मी कॉकपिट ओलांडून मागे गेले, पाठीवर, कुशीवर, सुकाणूच्या कडेवर. कारण विचारायचं थांबले होते.

मामांचा प्रश्न ऐकला आणि मी गप्पच झाले. त्यांनी पुढे प्रोपेलरच्या टोकांकडे बोट दाखवलं. तिथेही मी चांदी लावली होती. रोटॉल कंपनीच्या या प्रोपेलरची पाती बऱ्याचदा लाकडाची असत. मामा रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि कापड कसं झिजतं ते सांगायला लागले. कापडावरचा रंग टवक्याने उडत नाही, उन्हाने आधी मलूल होतो. पट्ट्यांच्या कडांवर हात फिरून फिरून तिथे तुकतुकी येते. आणि कापड फाटलं तर ते शिवतात. कडा ओढून घेऊन टाके घालायचे, त्यावर डोप लावून कापडाचा तुकडा डकवायचा, वरून पुन्हा डोप, मग रंग. तुकड्याच्या कडा दातेरी कापायच्या किंवा त्यांचे दोरे थोडे उसवायचे, म्हणजे घट्ट धरून राहतात आणि वाऱ्याने उचलल्या जात नाहीत. "गोळी कापडातून आरपार गेली तर दोन भोकं पडतात, बस्स," ते म्हणाले. "पत्र्याचं दुखणं मोठं. कापडाला ठिगळ लावलं की विमान संध्याकाळी परत तयार."

चंदेरी रंग ॲक्रिलिकचा होता आणि त्याखाली वार्निशचा थर होता, म्हणून तो निघणार याची मला खात्री होती. कानात घालायच्या कापसाच्या काड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, पिळून, एकेक टवका पुसायला घेतला. गोल गोल फिरवायचं नाही, एकाच दिशेने उचलायचं, दर दोन टवक्यांनी काडी बदलायची. शेपटी साफ झाली, डावी कूस साफ झाली. उजव्या कुशीवर, कॉकपिटच्या थोडं मागे, एक टवका काही हटेना. मी जरा जोर लावला. काडी वार्निशच्या खाली गेली, हिरवा गेला, आणि काळ्या प्रायमरचा वेडावाकडा डाग वर आला, मसुराच्या दाण्याएवढा.

त्या रात्री मी काही केलं नाही. सकाळी उठून बघितलं तेव्हा तो डाग मला नुकसान वाटेना. तो भोकासारखा दिसत होता. आणि भोकाचं काय करतात ते आदल्याच दिवशी कळलं होतं.

आधी डागाभोवतीची खरबरीत कड भिजवलेल्या पेपरने सपाट केली. मग टेपने चौकोन आखला, बाजू साडेचार मिलिमीटर, म्हणजे खऱ्या विमानावर वीतभर. पातळ कागदाचा तुकडा चिकटवायचा मोह झाला होता. पण कागदाखाली पट्ट्यांचे उंचवटे झाकले गेले असते, आणि तेच तर आठवडाभर खपून परत आणले होते. म्हणून रंगाच्याच थरांचं ठिगळ केलं. आधी लालसर तपकिरी, डोपसारखा. त्यावर हिरव्याचे चार पातळ थर, राखाडी न घालता, डबीतला जसाच्या तसा. भोवतालचा हिरवा उन्हाने विटलेला, ठिगळाचा नवा. टेप काढायच्या आधी टोकदार चाकूने तिच्या कडेवरून हलकेच रेघ ओढली, नाहीतर रंगाची साल निघून आली असती. कडेला कागदाहूनही पातळ पायरी राहिली. दातेरी कडा या मापात दिसण्याजोग्या नव्हत्या, त्या करायला गेले नाही. प्रोपेलरच्या टोकांवरची चांदी पुसून तिथे फिकट लाकडी रंगाचे दोन-तीनच ठिपके ठेवले.

शेवटी सगळ्यावर मॅट वार्निश, आणि कापडाच्या भागात पट्ट्यांच्या कडांवरून तेवढी बोटाने किंचित तुकतुकी. काचेवरची टेप काढली तेव्हा जीव मुठीत होता. एकाच कप्प्यात रंग झिरपला होता, तो टूथपिकने खरवडून काढला.

मामा पुढच्या रविवारी आले. मी काही सांगितलं नाही. त्यांनी मॉडेल खिडकीशी नेलं, उजेड तिरका पडेल असं धरलं आणि नाकापासून मागे नजर सरकवत नेली. ठिगळापाशी थांबले. भिंग मागितलं. बराच वेळ बघून म्हणाले, "पट्टी खालून जातेय." मग विमान उलटं करून दुसऱ्या कुशीवर बघितलं आणि विचारलं, "गोळी बाहेर कुठून पडली?"

दुसरं ठिगळ मी त्याच संध्याकाळी आखायला घेतलं. डाव्या कुशीवर, पहिल्यापेक्षा थोडं खाली.